रिकाम्या पुंगळीचा इतिहास

गोळीबाराच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते. घटनास्थळावरून अमुक इतक्या ‘रिकाम्या पुंगळ्या’ जप्त करण्यात आल्या. पंचनाम्याच्या मराठीने जे थोडे अस्सल शब्द टिकवून ठेवले आहेत, त्यांतला हा एक. बार उडून गेल्यावर मागे उरते ती पुंगळी. आपल्या लेखी तिचे मोल पुराव्यापुरते. पण अमेरिकेत ओहायो किंवा विस्कॉन्सिनमधल्या नेमबाजीच्या एखाद्या क्लबात हीच पुंगळी वाकून वेचणारी, तिच्या तोंडावरून बोट फिरवणारी, उजेडाकडे धरून आत डोकावणारी आणि ‘ही ठेव, ती टाक’ असा निवाडा देणारी माणसे दिसतात. ठेवलेली पुंगळी घरी जाते, पुन्हा भरली जाते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उडते.

छर्ऱ्याच्या बंदुकीच्या या पुंगळीला इंग्रजीत ‘हल’ म्हणतात. हल म्हणजे टरफल. आतला दाणा खाल्ला की टरफल टाकायचे, असा त्या शब्दाचाच संकेत. प्रत्यक्षात गेली दीडशे वर्षे हे टरफल टाकायचे की ठेवायचे, आणि ठेवायचे तर कोणते, यावर कारखानदार आणि बंदूकवाले यांच्यात न बोललेली ओढाताण चालू आहे. भरलेले काडतूस पुन्हा पुन्हा विकत घेतले जावे यात कारखानदाराचा फायदा. एकदा पैसे मोजून घेतलेली वस्तू झिजेपर्यंत वापरावी हा गिऱ्हाइकाचा स्वभाव. आणि निवड चुकली तर नळी फुटते, बोटे जातात. म्हणून हा विषय दिसतो तितका किरकोळ नाही.

आधी थोडी ओळख करून द्यायला हवी. छर्ऱ्याच्या काडतुसात पाच गोष्टी असतात : बुडाला टोपी, तिच्यावर दारू, दारूवर डाट, डाटावर छर्रे, आणि या चौघांना पोटात घेणारी पुंगळी. नळीचा आकार ‘बोअर’मध्ये सांगतात आणि तो हिशोब मोठा जुनाट आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस बोअरची नळी त्यामुळे बाराच्या नळीपेक्षा लहान. आकडा वाढला की भोक लहान होते, हे नवख्याला पटकन उमगत नाही. वीस बोअरचे काडतूस चुकून बाराच्या नळीत पडले तर ते थोडे पुढे सरकून अडकते. वरून बाराचे काडतूस भरून बार काढला की नळी फुटते. म्हणून वीस बोअरची पुंगळी आज पिवळ्या रंगाची करतात. रंगामागे हौस नाही, अपघात आहेत.

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘कार्तुशु’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी कागद आहे. १८५७ सालचे ते कुप्रसिद्ध काडतूसही कागदाचेच होते. एनफिल्ड बंदुकीसाठी मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळून, चरबी लावून दिलेली असे. शिपायाने ते दाताने फोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. त्या काडतुसाला टोपी नव्हती, बूड नव्हते, आणि बार झाल्यावर हातात काही उरत नव्हते. पुंगळी जन्माला येण्यासाठी बंदूक मागून उघडावी लागली.

ते काम पॅरिसमध्ये झाले. काझिमीर लेफोशे याने १८३२च्या सुमारास नळी बिजागरीवर मोडून मागून भरायची बंदूक केली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यासाठी बुडातून बाजूला खिळा काढलेले काडतूस बनवले. घोडा त्या खिळ्यावर पडे. १८४६मध्ये त्याच शहरातल्या हूलिए याने धातूच्या बुडाचे काडतूस नोंदवले. बार होताच बूड फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, मागून धूर आणि ज्वाळा येत नाहीत, आणि दाब उतरला की बूड पुन्हा आक्रसून सहज निघते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा शोध हाच. तोवर डबीचे काम माल बांधून ठेवण्याचे होते. आता ती बंदुकीचा एक भाग झाली, आणि दर बाराला बदलणारा भाग झाली.

१८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लेफोशेची बंदूक इंग्रजांनी पाहिली आणि बरीच नाके मुरडली. तरी जोसेफ लँग या लंडनच्या कारागिराने तसली बंदूक बनवायला घेतली. १८६१ साली जॉर्ज डॉ याने मधोमध टोपी असलेले काडतूस इंग्लंडात आणले. त्याचा एकाधिकार इली ब्रदर्स या काडतूसवाल्यांनी कोर्टकचेऱ्या करून मोडून काढला, आणि कागदी नळी, पितळी बूड, मध्यभागी टोपी हा साचा पक्का झाला. आजचे काडतूस त्याच साच्यातले आहे.

सुरुवातीच्या काळात काडतूस घरीच भरायचे ही सर्वसाधारण रीत होती. दुकानातून रिकाम्या पुंगळ्या, टोप्या, डाट, दारू आणि छर्रे वेगवेगळे आणायचे. शेफिल्डच्या जेम्स डिक्सन आणि हॉक्सली या कारखान्यांनी त्यासाठी सुबक पितळी हत्यारे काढली. जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू मापायची, डाट ठासायचे आणि शेवटी टेबलाच्या कडेला आवळलेल्या छोट्या यंत्राचा दांडा फिरवून कागदी तोंड आत वळवायचे. आपल्याकडे शेवयांचे यंत्र पाटाला आवळतात, तसेच ते दिसते. बड्या जमीनदारांकडे हे काम शिकारखान्याचा नोकर करी. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बर्मिंगहॅमच्या बंदूककाराच्या १८८१च्या जाडजूड ग्रंथात काडतुसे भरण्याची माहिती आहे, आणि ती वाचताना जाणवते की गृहस्थाला हे येणे तेव्हा अपेक्षितच होते.

कागदी पुंगळी मात्र फार टिकत नसे. बुडाच्या अगदी वर, जिथे ज्वाळा पहिल्यांदा लागते, तिथे कागद जळून टाचणीएवढी भोके पडत. तोंड दोन-तीनदा वळवले की धाग्यासारखे विसविशीत होई. ओलाव्याने कागद फुगला तर काडतूस नळीतच जात नसे, किंवा गेले तर निघत नसे. हिंदुस्थानात येणाऱ्या साहेब लोकांना पावसाळ्यात हा अनुभव हमखास येई. म्हणून किनॉकची ‘परफेक्ट’ नावाची पातळ पितळी काडतुसे आणि इलीची ओल न धरणारा लेप दिलेली ‘पेगामॉइड’ काडतुसे असल्या हवेसाठी सोयीची मानली जात. दिवाळीचा अंक हातात आहे म्हणून सांगतो, सुतळी बॉम्बच्या आतले खोके आणि कागदी पुंगळी ही लांबची भावंडेच. थरावर थर खळ लावून गुंडाळलेला कागद दारूचा जोर किती विलक्षण पेलतो आणि ओलीपुढे किती लवकर हात टेकतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

अमेरिकेत गोष्ट वेगळी झाली. तिथे घरापासून दुकान शंभर मैल असू शकत होते आणि शिकारखान्याचा नोकर नव्हता. १८७०-८०च्या दशकांत तिथे संपूर्ण पितळेच्या पुंगळ्यांची चलती झाली. विंचेस्टर, युनियन मेटॅलिक कार्ट्रिज, बंदुका बनवणारे पार्कर ब्रदर्स, सगळेच त्या विकत. पितळी पुंगळी महाग पडे, पण दोन डझन घेतल्या की वर्षानुवर्षे बघायला नको. दिवसभराच्या शिकारीनंतर संध्याकाळी त्या साबणाच्या पाण्यात धुवायच्या, कारण काळ्या दारूची राख पितळ खाते. धुऊन, वाळवून, पुन्हा भरून दुसऱ्या दिवशी तयार.

पितळी पुंगळीची निवड करताना तेव्हाचे लोक दोन गोष्टी पाहत. पहिली, भिंतीची जाडी. पितळ कागदापेक्षा खूप पातळ असते, त्यामुळे बाहेरून बारा बोअरची असलेली पुंगळी आतून मोठी भरते. तिच्यात बाराचा डाट सैल पडतो आणि वायू बाजूने निसटून छर्ऱ्यांत घुसतो. म्हणून पितळी बाराला डाट दहा किंवा अकरा क्रमांकाचा लागे. शिवाय पितळेचे तोंड वळवता येत नाही. दुनळीची एक नळी उडवली की त्या धक्क्याने दुसऱ्या नळीतल्या काडतुसाचा वरचा पुठ्ठा सुटे आणि छर्रे घरंगळत. जाणते लोक पुठ्ठ्याच्या कडेला मेण लावीत.

दुसरी गोष्ट टोपीची. १८६६च्या सुमारास दोन पद्धती निघाल्या. इंग्रज कर्नल बॉक्सरची आणि अमेरिकन हायरम बर्डनची. टोपी ज्यावर आपटते ती ऐरण बॉक्सरच्या टोपीतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच भोक. आतून सळई घातली की जुनी टोपी बाहेर. बर्डनची ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली आणि भोके दोन, तीही मधोमध नाहीत. जुनी टोपी आकड्याने उचकटावी लागते. पुनर्भरणासाठी बॉक्सर सोयीची हे उघड आहे. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. अमेरिकेत घरी काडतुसे भरणे पुढे लोकव्यवहार झाले आणि युरोपात रायफलीच्या बाबतीत तेवढे झाले नाही, याचे एक कारण या दोन भोकांत आहे असे मला वाटते. छर्ऱ्याच्या काडतुसाने पुढे वेगळीच वाट धरली. ऐरण आणि टोपी दोन्ही एका छोट्या वाटीत बसवलेली, आज २०९ क्रमांकाने ओळखली जाणारी टोपी सगळीकडे रूढ झाली.

या स्वस्त, धुऊन वापरायच्या पितळेला एक काळी बाजूही आहे. बाजारासाठी पक्षी मारणारे धंदेवाईक शिकारी तिचे मोठे गिऱ्हाईक होते. त्यांच्या लेखी प्रत्येक बाराचा खर्च पक्ष्याच्या भावातून वजा व्हायचा, म्हणून बार जितका स्वस्त तितका धंदा किफायतशीर. चेसापीकच्या खाडीतली बदके हॉटेलांत गेली. पॅसेंजर कबुतरांचे थवे एके काळी आकाश झाकीत. १८७८ साली मिशिगनमधल्या पेटॉस्कीला त्यांची शेवटची प्रचंड वसाहत लुटली गेली, आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीचा शेवटचा पक्षी मेला. सगळा दोष बंदुकीचा नाही. जाळी होती, रेल्वे होती, तार होती, जंगलतोड होती. पण घरी भरलेले काडतूस त्या साखळीतला एक दुवा होते. नेमबाजीच्या सामन्यांतही आधी जिवंत कबुतरेच सोडत. ती मिळेनाशी झाली तेव्हा काचेचे गोळे आले आणि १८८०च्या सुमारास सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगॉव्स्कीने मातीची तबकडी काढली. शेवटचा पक्षी आणि पहिली तबकडी एकाच गावातली.

पितळेचे राज्य मोडले ते तीन बाजूंनी. पहिली, बिनधुराची दारू. काळ्या दारूच्या भरपूर राखेत टोपीतल्या पाऱ्याचे प्रमाण विरून जाई. नव्या दारूची राख जवळजवळ नाहीच, त्यामुळे तो पारा सरळ पितळेत मुरू लागला आणि पुंगळी ठिसूळ होऊन तडकू लागली. शिवाय नवी दारू थोडीच पुरे, मग एवढी मोठी पोकळी भरायची कशाने? काहींनी जुन्या मापाने नवी दारू ओतली आणि बंदुका गमावल्या. त्या काळाची एक खूण अजून शिल्लक आहे. अमेरिकन काडतुसांच्या खोक्यावर आजही ‘३ ड्रॅम इक्विव्हॅलंट’ असे छापलेले आढळते. आत ३ ड्रॅम दारू असते असा त्याचा अर्थ नाही. ३ ड्रॅम काळ्या दारूने छर्ऱ्यांना जो वेग येई, तेवढा वेग या काडतुसात मिळेल, असा आहे. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या दारूचे माप अजून चालू आहे.

दुसरी बाजू यंत्राने भरलेल्या काडतुसांची. क्लीव्हलँडच्या चेंबरलिन कंपनीने १८८०च्या दशकात यंत्रावर काडतुसे भरून विकायला सुरुवात केली. विंचेस्टर १८७७पासून रिकाम्या कागदी पुंगळ्या विकत होती, तिनेही १८८६मध्ये भरलेली काडतुसे बाजारात आणली. तिसरी बाजू बंदुकीचीच. जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरची विंचेस्टरची १८९७ची पंप बंदूक आणि त्यापाठोपाठ त्याचीच स्वयंचलित बंदूक आली. या बंदुका पाच-सहा काडतुसे पोटात घेऊन एकामागून एक पुढे ढकलतात. त्यांना प्रत्येक काडतूस नेमक्या लांबीचे, नेमक्या जाडीचे, तोंड पक्के वळवलेले हवे असते. दुनळी बिचारी सोशिक. तिच्यात थोडे वाकडेतिकडे काडतूसही बोटाने ढकलता येते. पंप बंदुकीने हातभरणीचे लाड बंद केले. आणखी एक गोष्ट झाली. दुनळी मोडली की रिकामी पुंगळी हातात येते, नव्या बंदुका ती बाजूला भिरकावून देतात. पुंगळी हातातून जमिनीवर गेली आणि तिथून तिच्या मालकीचा प्रश्न सुरू झाला.

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या तळ्यांवर व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. चुकलेले बार धरले तर काडतुसे किती उडाली असतील याचा अंदाज वाचकांनी करावा. ते आकडे दगडावर कोरलेले आहेत. पुंगळ्यांची नोंद कोणी ठेवली नाही. पुंगळी वेचणे हे त्या पंगतीचे काम नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नागरी काडतुसांचे उत्पादन जवळजवळ थांबले. युद्ध संपल्यावर परतलेल्या तरुणांकडे बंदुका होत्या, मोकळा वेळ होता आणि यंत्रांची भीती नव्हती. तबकड्यांची नेमबाजी फोफावली. या खेळात एका फेरीत २५ बार, दिवसाला चार फेऱ्या म्हणजे १०० बार सहज होतात. नियमित खेळणारा वर्षाला हजारोंनी काडतुसे उडवतो. मग हिशोब सुरू होतो. भरलेल्या काडतुसाच्या किमतीत पुंगळीचा वाटा मोठा आणि तीच तर पुन्हा वापरता येते! विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावच्या एमईसी या कारखान्याने दांडा ओढून काडतूस भरायची यंत्रे काढली आणि ती घरोघरच्या तळघरांत गेली. त्याच राज्यात १९५८ साली रिचर्ड ली या माणसाने घरच्या कार्यशाळेत हातोडीने वापरायचा एक छोटा संच बनवला. रायफलीसाठी तो पुढे जगभर गेला, पण त्याची सुरुवात छर्ऱ्याच्या काडतुसापासून झाली होती हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही.

याच सुमाराला पुंगळीचे अंग बदलले. १९६०मध्ये रेमिंग्टनने प्लास्टिकची पुंगळी आणली. ओलीने फुगणे संपले. पण प्लास्टिकही दोन तऱ्हेचे निघाले आणि निवडीचे सगळे शास्त्र या फरकावर उभे आहे. पहिली तऱ्हा लांब नळी ओढून काढायची, तुकडे कापायचे, आणि प्रत्येक तुकड्यात बुडाचा डाट वेगळा बसवून वरून धातूची टोपण आवळायची. भिंत वरपासून खालपर्यंत सरळ. दुसरी तऱ्हा म्हणजे प्लास्टिकचा जाड गट्टू दाबून-ताणून एकाच घडीत नळी आणि बूड दोन्ही घडवायचे. भिंत तोंडाशी पातळ आणि बुडाकडे जाड होत जाते. विंचेस्टरने १९६०च्या दशकाच्या मध्यावर ‘एए’ नावाने आणलेली पुंगळी या दुसऱ्या तऱ्हेची. कागदी पुंगळी चार-पाचदा भरली की झिजे. ही दहा-बारा वेळाही भरता येई. एका पिढीने तिच्यावर मनापासून प्रेम केले. कारखानदाराने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला असे वरवर दिसते, पण त्याचा हिशोब बरोबर होता. पुन्हा भरता येईल म्हणूनच लोक पहिल्यांदा ते महागाचे काडतूस विकत घेत होते. बिसलेरीच्या बाटलीसारखी ही गोष्ट नाही, तेलाच्या डब्यासारखी आहे. आपल्या आया तेल घेताना डबा पाहत असत.

निवड करणारा माणूस काय पाहतो? सर्वांत आधी बुडावरचे नाव आणि आतले बूड. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पुंगळ्यांच्या पोटातली जागा सारखी नसते. एकीत बुडाचा डाट उंच, दुसरीत बसका. तेवढीच दारू लहान जागेत जळली की दाब वाढतो. बारा बोअरच्या काडतुसाला अमेरिकन मानकाप्रमाणे ११,५०० पीएसआयची मर्यादा आहे. रायफलीला याच्या पाचपट दाब चालतो, छर्ऱ्याच्या पातळ नळीला नाही. म्हणून भरणीची छापील कोष्टके पुंगळीच्या नावानिशी दिलेली असतात आणि एका पुंगळीचे कोष्टक दुसरीला लावायचे नाही हा पहिला नियम. बाहेरच्या धातूच्या पट्टीची उंची पाहून ‘उंच पितळ म्हणजे दणकट’ असे म्हणणारे अजून भेटतात. ती समजूत काळ्या दारूच्या आणि कागदाच्या काळातली. आज ती पट्टी बरीचशी शोभेची आहे आणि पुष्कळदा पितळेचीही नसते, पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. चुंबक लावला की कळते.

मग तोंड. छर्ऱ्यांवर पुठ्ठा ठेवून कडा आत वळवायची जुनी पद्धत मागे पडली, कारण तो पुठ्ठा पुढे उडताना छर्ऱ्यांच्या वाटेत येतो आणि त्यांचा फैलाव बिघडवतो. तिच्या जागी चांदणीसारखी घडी आली. काही पुंगळ्यांना सहा पाकळ्यांची, काहींना आठ. पहिल्यांदा जितक्या पाकळ्या पडल्या तितक्याच पुन्हा पाडायच्या, कारण प्लास्टिकला आपली घडी आठवते, इस्त्रीच्या शर्टासारखी. पाकळीच्या टोकाला चीर गेली की पुंगळीचे आयुष्य संपत आले. शेवटी टोपीचे भोक. इथे युरोप आणि अमेरिका पुन्हा आडवे येतात. फ्रान्समधल्या शेद गावच्या स्फोटकांवरून नाव घेतलेल्या शेडाइट कंपनीची टोपी अमेरिकन टोपीपेक्षा केसभर जाड असते. ती एकदा बसून गेली की त्या भोकात अमेरिकन टोपी सैल बसते, कधी आपोआप गळून पडते. ज्याने पेटीभर पुंगळ्या फुकट मिळाल्या म्हणून आनंदाने घरी नेल्या, त्याला हे आठवड्याने कळते.

फुकट म्हणजे तरी काय? अमेरिकेतल्या अनेक क्लबांत नियम आहे की जमिनीवर पडलेली पुंगळी क्लबाची. तुमच्याच बंदुकीतून निघालेली, तुम्हीच पैसे मोजलेली, पण जमिनीला लागली की हक्क गेला. क्लब त्या गोळा करून, निवडून, पोत्याने विकतात. त्यावर तोड म्हणून स्वयंचलित बंदुकीला पुंगळी अडवणारा छोटा पत्रा किंवा जाळी लावतात. दुनळीवाल्याला चिंता नाही, त्याची पुंगळी थेट खिशात. पन्नास पैशांच्या वस्तूसाठी हा खटाटोप हास्यास्पद वाटेल, पण शेतातल्या सरवा वेचण्याच्या हक्कावरून आपल्याकडेही भांडणे झालेलीच आहेत.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस विंचेस्टरने ‘एए’ची घडण बदलली. एकसंध बूड गेले, वेगळा डाट आला. जुन्या माणसांनी ओरड केली आणि ती निव्वळ हळवेपणाची नव्हती. वेगळा बसवलेला डाट अनेक भरण्यांनंतर सैल होऊन बारासोबत नळीत जाऊन अडकू शकतो. पुढचा बार त्या अडथळ्यावर आपटतो. तेव्हापासून सळई घालून बुडाचा डाट हलतो का हे पाहणे निवडीत आले, आणि जुन्या ‘एए’च्या पेट्या जपून ठेवणारे लोकही आले. त्यानंतर २००७ साली जागतिक बाजारात शिशाचा भाव टनाला जवळपास ४,००० डॉलरपर्यंत चढला. काडतुसात शिसे सर्वांत जड आणि ते काही परत मिळत नाही. पुंगळी वाचवून होणारी बचत शिशाने खाल्ली. कारखान्यांनी त्याच वेळी पोलादी बुडाची, एकदा वापरून फेकायची स्वस्त काडतुसे काढली. हिशोब करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी यंत्रे विकून टाकली. उरले ते हिशोबापेक्षा सवयीचे लोक. फेडरल कंपनी मेणात भिजवलेल्या कागदी पुंगळीचे काडतूस अजूनही बनवते, आणि उडवल्यानंतर येणाऱ्या तिच्या वासासाठी ते घेणारे आहेत.

जगाच्या इतर भागांत पितळ पूर्णपणे गेलेले नाही. ब्राझीलची सीबीसी कंपनी पातळ पितळी पुंगळ्या अजून बनवते. सोव्हिएत काळात सायबेरियातल्या शिकाऱ्यांचे तर सगळे जीवन घरी भरलेल्या पितळी काडतुसांवर चाले. दुकान लांब आणि हिवाळा मोठा असला की माणूस पितळेकडेच वळतो.

आणि आपल्याकडे? छर्ऱ्याची काडतुसे बनवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ‘शक्तिमान’ नावाची बारा बोअरची काडतुसे देशभर गेली. पण ती पुन्हा भरण्याची लोकपरंपरा इथे रुजली नाही. १८७८च्या हत्यार कायद्याने बंदूकच परवान्यात बांधली, स्वातंत्र्यानंतरच्या १९५९च्या कायद्याने काडतूस बनवणेही परवान्याशिवाय बंद ठेवले, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपवली. यातली शेवटची गोष्ट झाली हे उत्तमच झाले. कोकणातल्या शेतकऱ्याने या सगळ्यातून आपली वेगळी वाट काढली. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर तो ठासणीची बंदूक बाळगतो. दारू, छर्रे, चिंधीचा डाट आणि बाहेरून लावायची टोपी. जिला पुंगळीच लागत नाही अशी बंदूक, म्हणून निवडीचा प्रश्नच नाही.

उत्तर प्रदेशात रिकाम्या पुंगळीला ‘खोखा’ म्हणतात, आणि तिथे परवानाधारकाला नवी काडतुसे घेताना जुन्यांचे खोखे जमा करायला लावण्याचे आदेश निघालेले आहेत. लग्नाच्या वरातीत हवेत उडवलेल्या बारांचा हिशोब लागावा हा त्यामागचा हेतू. त्यामुळे तिथला माणूसही आता वाकून पुंगळ्या वेचतो, मोजतो, पिशवीत बांधून ठेवतो. फक्त तो त्यांच्या तोंडाच्या पाकळ्या पाहत नाही. त्याला त्यांची संख्या बरोबर भरली की झाले.